गायरानावरची जत्रा

२०२७ च्या जुलैमध्ये ‘द ओपन’ ही गोल्फमधील सर्वांत जुनी स्पर्धा पुन्हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजला भरायची आहे. या गावी ती भरायची म्हटली की जगभरच्या गोल्फवेड्या मित्रमंडळांत एक बेत हमखास शिजू लागतो. पुण्या-मुंबईची मंडळेही त्याला अपवाद नाहीत. बेत असा की, आठ मित्रांनी मिळून जायचे, चार दिवस स्पर्धा डोळे भरून पाहायची आणि त्याच मुक्कामात, जिथे मोठमोठे खेळले त्या ओल्ड कोर्सवर आपणही एक फेरी मारून यायची. अशा प्रत्येक टोळक्यात एक उत्साहमूर्ती असते, एक हिशेबनीस असतो आणि ‘तुम्ही ठरवा, मी आहेच’ असे म्हणून ऐन वेळी गळणाराही एक असतो. बेताला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तो बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून रचला जातो, असे माझे मत आहे. स्पर्धा हा मधला खांब मानून बाकी सारे तिच्याभोवती बांधले जाते. वास्तविक सेंट अँड्र्यूजमध्ये स्पर्धा ही पाहुणी आहे. घर दुसऱ्याच कोणाचे आहे.

आधी व्यवहाराचे बोलू. पहिली अडचण अशी की, स्पर्धेच्या आठवड्यात आणि त्याआधी तयारीच्या काळात ओल्ड कोर्स बाहेरच्यांना खेळायला मिळत नाही. म्हणजे ‘एका तिकिटात दोन खेळ’ हा बेताचा गाभाच मुळात कच्चा. दुसरी अडचण तिकिटांची. ती सोडतीने मिळतात. म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. २०२२ साली सेंट अँड्र्यूजला दीडशेवी ओपन झाली तेव्हा तिकिटांसाठी तेरा लाखांवर मागण्या आल्या होत्या आणि प्रत्यक्ष प्रेक्षक आले २ लाख ९० हजार. तोही या स्पर्धेचा उच्चांकच. सोडतीची मुदत स्पर्धेच्या आदल्या वर्षीच संपते. राहण्याच्या जागा त्याच्याही आधी संपतात. आणि ब्रिटनचा व्हिसा मात्र प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी मागता येत नाही. या तीन तारखांची मोट बांधता बांधता उत्साहमूर्तीचा उत्साह आटतो आणि मग कोणीतरी सुचवते, ‘जाऊ दे, सगळे एका सहलकंपनीकडे सोपवून टाकू.’ कंपनी सारे करते. खास पाहुण्यांच्या तंबूतली तिकिटे, हॉटेल, दाराशी गाडी. बिल येते तेव्हा आठातले तिघे काही बोलत नाहीत आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी नेमकी लग्नकार्ये निघतात.

मित्रमंडळे मोडतात ती अशी. भांडणाने मोडतात त्याहून अधिक अशा न बोललेल्या हिशेबाने मोडतात. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, बेत आठांतल्या सर्वांत हलक्या खिशाने आखावा. इतरांनी त्याला ‘सांभाळून घ्यावे’ असे नव्हे; त्याच्या खिशाला झेपेल तीच सहल सगळ्यांची, असे पहिल्याच बैठकीत ठरवावे. हे गोल्फच्या बाबतीत अशक्य आहे असे वाटत असेल तर तो आपल्याकडच्या गोल्फचा परिणाम आहे. जिथे हा खेळ वाढला तिथली हकीकत वेगळी आहे आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांची, खुरट्या गवताची जी पट्टी असते तिला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला निरुपयोगी. आपल्या भाषेत गायरान. सेंट अँड्र्यूजच्या या गायरानावर गावची गुरे चरत, ओढ्यावर बायका धुणी धूत आणि गवतावर ती वाळत घालत, पोरे चेंडू खेळत आणि काही लोक गोल्फ खेळत. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टनना त्या जमिनीवर ससे पाळायचे होते. त्यासाठीच्या दस्तऐवजात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क स्पष्ट मान्य केलेला आहे. धर्मगुरूने गावाकडे सशांसाठी परवानगी मागावी, यातच कोण मालक आणि कोण कूळ ते दिसते.

पुढे १७९७ मध्ये कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेने हे गायरान विकून टाकले. घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी सशांचा धंदा मांडला. सशांनी जमीन पोखरली. गोल्फ खेळणारे कोर्टात गेले. कोर्टात आणि मैदानावर हा तंटा वर्षानुवर्षे चालला. १८२१ साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जमीन विकत घेतली, तेव्हा गोल्फ वाचला. मग १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाची झाली. १९७४ पासून एका स्वतंत्र कायद्याखाली विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते. पहिल्या टीच्या मागे जी रुबाबदार दगडी इमारत दूरचित्रवाणीवर दिसते, ती रॉयल अँड एन्शंट क्लबची. त्या क्लबच्या मालकीचा ओल्ड कोर्स नाही, हे पुष्कळ गोल्फपटूंनाही ठाऊक नसते. १९४६ पर्यंत गावकऱ्यांना तिथे खेळायला पैसे पडत नसत. सरकारी जमिनी कशा जातात आणि परत येत नाहीत हे पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना यातली ‘परत आली’ ही गोष्ट अधिक लक्षात राहावी.

अजूनही रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो. मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस असा एखादा अपवाद सोडला तर रविवारी ते गावचे उद्यान असते. लोक कुत्री घेऊन येतात, पोरे स्विल्कन ओढ्यावरच्या त्या इवल्याशा दगडी पुलावर चढून छायाचित्रे काढतात. एरवीही पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो आणि समुद्रावर निघालेली बाई हातात टॉवेल घेऊन बिनदिक्कत तो ओलांडते. टीवरचा खेळाडू तिच्यासाठी थांबतो. नाशिककरांना हे चित्र चटकन कळेल. त्यांच्या ‘गोल्फ क्लब मैदाना’चे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पहाटे फिरणारे तिथे असतात, क्रिकेट असते. नावातला गोल्फ तेवढा नाही. सेंट अँड्र्यूजला मैदानही राहिले आणि गोल्फही राहिला.

हे लक्षात घेतले की सहलीचा आराखडा आपोआप बदलतो. स्पर्धा पाहावी, जरूर पाहावी. पण चारही दिवस कशासाठी? खरे सांगायचे तर गोल्फ जास्त दिसतो तो घरी बसून. मैदानावर एका वेळी दोन-तीन खेळाडू दिसतात आणि ओल्ड कोर्सवर तर तेही लांबून, कारण फेअरवे एकमेकांना चिकटलेले, चौदा होलना मिळून सात जुळ्या ग्रीन, आणि प्रेक्षकांना कडेकडेने चालावे लागते. मिळते ते वेगळेच. दूर कुठेतरी गलका उठतो आणि कोणाचे काय झाले असेल याचा आपण अंदाज बांधू लागतो. १९९५ मध्ये अठराव्या ग्रीनपुढच्या खोलगट भागातून कोस्तांतिनो रोक्काने साठेक फुटांवरून चेंडू होलमध्ये घातला आणि जॉन डॅलीशी बरोबरी साधली. प्लेऑफमध्ये तो हरलाच, पण त्या क्षणाचे चित्रण आजही पाहिले तर चेंडूपेक्षा कठड्याशी उभ्या असलेल्या माणसांकडे लक्ष जाते. २०२२ मध्ये टायगर वूड्स शुक्रवारी स्पर्धेतून बाद होऊन अठराव्या फेअरवेवरून भरल्या डोळ्यांनी चालत आला, तेव्हाही गर्दी उभी राहिली ती जिंकणाऱ्यासाठी नव्हे. एवढे अनुभवायला एक दिवस पुरतो. त्याला जोडून सरावाचा एक दिवस घ्यावा. त्याचे तिकीट स्वस्त असते, खेळाडू मोकळे असतात, एकाच बंकरमधून पाचपाच चेंडू मारून पाहतात. शिकायचे असेल तर तोच दिवस. आठांनीही सोडतीत आपापले नाव स्वतंत्र घालावे, कोणाला कुठलाही दिवस लागो, आणि ज्याला लागला नाही त्याला त्या दिवशी करण्यासारखे काही आधीच ठरलेले असावे.

आणि करण्यासारखे पुष्कळ असते. मुक्काम गावात धरण्याचा हट्ट सोडून टे नदीपलीकडच्या डंडीत धरावा. बंगालच्या तागावर गब्बर झालेले हे शहर सेंट अँड्र्यूजपासून बसने अर्ध्या तासावर आहे. सेंट अँड्र्यूजला रेल्वे १९६९ मध्येच बंद झाली. जवळचे स्थानक ल्यूकर्स. तिथल्या जुलैत रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, म्हणजे स्पर्धा पाहून आल्यावरही नऊ होल सहज होतात. फाइफच्या किनाऱ्यावर एली नावाच्या गावात पहिल्या टीपुढे टेकाड आहे. पलीकडचे दिसावे म्हणून त्यांनी पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे आणि त्यातून पुढचे खेळाडू लांब गेल्याची खात्री करून मग चेंडू मारायचा. क्रेलचा गोल्फ क्लब १७८६ चा आहे. एडिनबरोजवळ मसलबराला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातच जुना नऊ होलचा कोर्स आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात सहा वेळा ओपन झाली होती. आज तिथे पर्यटक लाकडी दांड्याच्या जुन्या काठ्या भाड्याने घेऊन खेळतात. आणि ज्यांनी हातात काठी धरलेली नाही अशा बायकामुलांसाठी आणि मित्रांसाठी ओल्ड कोर्सच्या शेजारीच उंचसखल पटिंग ग्रीन आहे. नाव ‘हिमालय’. १८६७ मध्ये स्त्रियांनी स्थापन केलेल्या क्लबची ही जागा. किरकोळ पैसे टाकून कोणीही खेळावे. आठ मित्रांतली खरी चुरस मला वाटते तिथेच होईल, कारण तिथे हँडिकॅप चालत नाही.

ओल्ड कोर्सचे काय? त्यासाठी ओपन तिथे नसलेल्या वर्षी जावे, ओपन दुसरीकडे पाहावी आणि मग सेंट अँड्र्यूजला यावे. २०२६ ची स्पर्धा इंग्लंडमध्ये रॉयल बर्कडेलची होती, तेव्हा असे करणे शक्य होते, पुढेही होईल. तिथेही सोडतच आहे, पण ती रोजची. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दोन ते चार जणांनी मिळून नाव द्यायचे. आठ मित्रांचे दोन गट होणार. एकाचे नाव लागेल, दुसऱ्याचे लागणार नाही. हा प्रसंग येणार हे धरून चालावे. लागले त्यांनी खेळावे आणि उरलेल्यांनी अठराव्या ग्रीनच्या कठड्याशी उभे राहून मनसोक्त शेरेबाजी करावी. तिथे उभे राहायला तिकीट नाही.

मात्र एक गोष्ट खटकते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२४ च्या ऐन हंगामात ओल्ड कोर्सच्या एका फेरीचा दर ३२० पौंड होता. काही वेळा अधिकृत सहलकंपन्यांसाठी राखून ठेवलेल्या असतात आणि त्या हॉटेलच्या खोलीसकट याहून किती तरी महाग विकल्या जातात. विश्वस्त म्हणतील की, याच पैशावर बाकीचे कोर्स स्वस्त राहतात आणि गावकऱ्यांना सवलतीचा पास मिळतो. त्यात तथ्य आहे. तरीही गायरानाला जो भाव चढला तो आपल्यासारख्या दूरच्या पाहुण्यांनी चढवला आहे. ‘काही करून ओल्ड कोर्स हवाच’ असे म्हणून जो वाटेल ती रक्कम मोजतो, तो रोजच्या सोडतीची रांग लांबवत असतो. मित्रांच्या बैठकीत हा मुद्दा निघावा एवढीच अपेक्षा. ‘आपल्याला परवडते’ हे त्याचे पुरेसे उत्तर नाही.

आपल्याकडे हा खेळ काही काल आलेला नाही. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. २०२३ च्या ओपनमध्ये शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. भारतीयाची त्या स्पर्धेतली ती सर्वोत्तम कामगिरी. पण जवळजवळ दोनशे वर्षांत गोल्फ आपल्याकडे बहुतांशी भिंतीआडच राहिला. भिंतीबाहेरून आत गेले ते प्रामुख्याने कॅडी, आणि त्यांच्यातूनच काही उत्तम खेळाडू निघाले. आमच्या शहरांत नऊ होलचा, साध्या तिकिटावर खेळता येईल असा एखादा सार्वजनिक कोर्स का असू नये, असे विचारले की जागा आणि पाणी यांची सबब पुढे येते. ती खोटी नाही. मात्र पटिंगच्या एका ‘हिमालया’ला कितीशी जागा लागते? महापालिकेच्या एखाद्या बागेचा कोपरा पुरावा. पुण्या-मुंबईतली जी मंडळी हा प्रवास करतील, त्यांच्यात क्लबांच्या समित्यांवर बसणारेही असतील. त्यांनी त्या ग्रीनवर जरा जास्त वेळ काढावा.

परतीच्या तिकिटाबद्दल एक सूचना. स्पर्धा रविवारी संध्याकाळी संपते आणि सोमवारी सकाळी सगळे विमानतळाकडे पळतात. शक्य असेल त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत थांबावे. प्रेक्षकांसाठी उभारलेली मचाणे उतरवण्याचे काम तोवर चालूच असेल. पण तो गावाचा रविवार असेल आणि त्या दिवशी अठराव्या फेअरवेवरून चालत जायला सोडत लागत नाही.