टिक-टिक आणि तंबाखू

आमच्या सोसायटीत कुणाची गाडी बंद पडली की बॉनेट उघडायच्या आत चार पुरुष हजर होतात. हेच चौघं मयताला इतक्या लगबगीने पोचलेले मी पाहिलेले नाहीत. गेल्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्या मॅडमची गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसती टिक-टिक-टिक. पहिले म्हणाले, ‘स्टार्टर गेला.’ दुसरे म्हणाले, ‘पेट्रोल. हल्ली इथेनॉल घालतात ना त्यात.’ तिसऱ्यांनी टायरला लाथ मारली. टायरला लाथ मारून इंजिनाचं काय कळतं ते देव जाणे, पण मारतात.

चौथे आमचे फियाटवाले काका. कुर्ल्याच्या कारखान्यातली त्यांची पद्मिनी विकून जमाना झाला, तरी त्यांचं निदान अजून तिच्यावरच चालतं. प्लग काढा, पॉलिशपेपर मारा, पॉइंट घासा, चोक ओढा. काकांचंही चुकत नाही म्हणा. त्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या फटीतून खालचा रस्ता दिसायचा. आता उघडलं की काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. ‘धक्का मारा,’ काका म्हणाले. गाडी ऑटोमॅटिक आहे, धक्क्याने सुरू होत नाही, असं मॅडमनी सांगितलं. ‘मारून तर बघू!’

गीझरवरच्या लेखानंतर ‘नुसती कुरकुर करता, उपयोगाचं काही सांगा’ अशी तक्रार आली होती, म्हणून तेवढं एका दमात सांगून टाकतो. भराभर टिक-टिक आणि हेडलाइट मंद, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. दिवे लख्ख आणि एकच ‘टक्’, तर स्टार्टरवर संशय घ्या. इंजिन गरगर फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक पोचत नाहीये. नवी बॅटरी आणायला धावण्याआधी टर्मिनल बघा. पांढरी-निळसर पूड साचली असेल तर वीज तिथेच अडते. आधी निगेटिव्हची वायर सोडवायची, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं पुसायचं आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. मल्टिमीटर असेल तर धडधाकट बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू असूनही आकडा १२ वर रेंगाळला, तर बॅटरीला शिव्या देऊ नका, अल्टरनेटर तपासा.

मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. ग्लोव्हबॉक्समधलं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेली ही आमच्याकडची एकमेव व्यक्ती. त्या हातात पाना घेऊन उभ्या होत्या आणि चौघं बॉनेटसमोरून हलायला तयार नव्हते.

तेवढ्यात वॉचमन म्हणाला, ‘साहेब, उंदीर असंल.’

झालं. बॅटरी राहिली बाजूला. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनापाशी येतात आणि वायरी कुरतडतात, हे खरंच आहे. पण त्यावर जालीम उपाय प्रत्येकाकडे वेगळा. कुणी डांबराच्या गोळ्या ठेवतो, कुणी फिनेल शिंपडतो. दुसऱ्यांनी तर बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची जुडी बांधली आहे. आता एसी लावला की गाडीत पानपट्टीचा वास सुटतो आणि सासूबाई जावयाकडे संशयाने बघतात. उंदीर तिथेच आहे. ‘फियाटमध्ये उंदीर नव्हते का?’ मी काकांना विचारलं. ‘होते की! पण कुरतडायला वायरी कुठे होत्या?’

माझं मत विचाराल तर उंदीर वायरीसाठी येतच नाहीत. पार्किंगच्या कोपऱ्यात कबुतरांना रोज ज्वारी टाकली जाते, तिच्यासाठी येतात आणि जेवण झालं की शेजारच्या गाडीत मुक्काम करतात. ज्वारी टाकणारे कोण? पहिले. मागच्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय रीतसर मांडला होता. इतिवृत्तात ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ एवढीच नोंद आहे. चहा-बिस्किटांचा खर्च मात्र तपशीलवार दिलाय.

ज्वारीवरून आवाज चढले, काका मध्ये पडले, तिसऱ्यांनी पुन्हा एका टायरला लाथ मारली, या वेळी माझ्या. मॅडमनी टर्मिनल कधी घासले, गाडी कधी सुरू झाली आणि त्या कधी निघून गेल्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जाता जाता एक विनंती. गेल्या पावसाळ्यात माझी जम्पर केबल कुणीतरी नेली आहे, ती परत करावी. तोवर वापरणारच असाल, तर लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला लावा, काळा एक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा उतरलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको.