खेळाचें संभाषण ऐकण्याचा छंद

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या परिचयाच्या एका सद्गृहस्थांनीं आपल्या चिरंजिवांचा संगणक कपाटांत कुलूप लावून ठेविला. कारण विचारतां ते म्हणाले, "पोरगा नुसता खेळत बसला असता, तरी एक वेळ चाललें असतें. पण हा खेळ बाजूस ठेवून त्या खेळाचें तारेवरचें बोलणें चोरून ऐकतो. आज खेळाचें ऐकतो, उद्यां बँकेचें ऐकेल!" मुलास हांक मारली, तेव्हां त्यानें निमूटपणें एक दोनशे पानी वही आमच्यापुढें केली. तींत तांबड्या व निळ्या शाईनें अंकांच्या रांगा उतरून काढल्या होत्या आणि समासांत 'एक पाऊल उत्तरेस', 'उडी', 'नुसता उभा' अशा टिपा होत्या. ती वही पाहून आमचें मत त्याच्या वडिलांच्या मताहून अगदीं निराळें झालें, व तें येथें मांडावेंसें वाटतें.

हा छंद म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दूरदूरच्या लोकांनीं मिळून खेळावयाच्या खेळांत आपल्या संगणकावर दिसतें तें केवळ चित्र होय. कोण कोठें उभा आहे, कोणाजवळ काय आहे, याचा खरा जमाखर्च सर्व्हर नांवाच्या दुसऱ्या संगणकापाशीं असतो. आपण एक पाऊल टाकलें कीं त्याची वर्दी एका लहानशा पाकिटांतून तिकडे जाते, आणि इतरांच्या हालचालींची वर्दी तशीच इकडे येते. या पाकिटांस 'पॅकेट' म्हणतात. आपल्या संगणकांतून जाणारीं-येणारीं पॅकेटें उघडून दाखविणारा एक प्रोग्रॅम जेराल्ड कोम्ब्स यांनीं १९९८ सालीं 'इथरियल' या नांवानें प्रसिद्ध केला. २००६ पासून त्यास 'वायरशार्क' म्हणतात, व तो कोणासही फुकट मिळतो. मात्र खेळाच्या खाजगी बोलीचे तो अंक तेवढे दाखवितो. अर्थ ज्याचा त्यानें लावावयाचा असतो.

त्या मुलानें निवडलेला खेळ माइनक्राफ्ट. निवड शहाणपणाची होती. या खेळाचा सर्व्हरही कंपनी फुकट देते. त्यामुळें खेळ व सर्व्हर हे दोन्ही एकाच संगणकावर चालवितां येतात, आणि संभाषण घराबाहेर जातच नाहीं. एरव्हीं प्रवेशानंतरचें बोलणें गुप्त लिपींत होतें. स्वतःच्या सर्व्हरवर ओळख पटविण्याची अट काढून टाकली कीं तें उघडें राहतें.

पहिल्याच पॅकेटानें त्याला आठवडाभर अडवून धरलें होतें. त्याच्या मध्यभागीं 'लोकलहोस्ट' हा पत्ता रोमन अक्षरांत स्वच्छ दिसत होता, व त्याच्या अगोदर ९ हा अंक होता. रोमन लिपींत त्या शब्दाचीं अक्षरें नऊच भरतात. तेव्हां शब्दापूर्वीं त्याची लांबी सांगावी अशी या बोलीची रीत आहे, हें त्याच्या ध्यानीं आलें. पत्त्यामागून मात्र दोन घरें उरलीं, त्यांत ६३ आणि डीडी असें लिहिलेलें. ही सोळाच्या पटींत मोजण्याची पद्धति होय. तींत दहापासून पंधरापर्यंतच्या संख्यांस ए पासून एफ पर्यंत अक्षरें देतात. त्या हिशेबानें ६३ म्हणजे आपले ९९ आणि डीडी म्हणजे २२१. वेगवेगळे घेतले तर त्यांपासून कांहींच बोध होईना. मग एके रात्रीं त्याच्या मनांत आलें कीं, एका घरांत ० पासून २५५ पर्यंतच संख्या मावते; तेव्हां मोठी संख्या दोन घरांत मिळून मांडली असेल. त्यानें ९९ ला २५६ नें गुणिलें, ते २५,३४४ झाले. त्यांत २२१ मिळविले, ते २५,५६५. माइनक्राफ्टच्या सर्व्हरचा ठरलेला दरवाजा, म्हणजे पोर्ट, हाच! हें सांगतांना त्या मुलाचा चेहरा असा कांहीं उजळला होता कीं, भूमितींतला सिद्धान्त सुटल्यावर वर्गांत तसा चेहरा आम्हीं क्वचितच पाहिला आहे. शेवटच्या अंकाची गोष्ट याहून मजेची. नुसती सर्व्हरांची यादी उघडली तर तो १ असे, आणि आंत प्रवेश केला तर २. पाहुण्यानें दारांतच 'चौकशीस आलों' किंवा 'राहावयास आलों' असें सांगावें, तसें तें होतें.

वहींतील पुढील सर्व पानें आम्हांस समजलीं असें नाहीं. पण पद्धत समजली. प्रथम स्तब्ध उभें राहून पॅकेट उतरून घ्यावें, मग एकच पाऊल टाकून पुनः उतरून घ्यावें, आणि कोणता अंक बदलला तें पाहावें. एका वेळीं दोन गोष्टी बदलूं नयेत. विज्ञानाच्या तासाला हाच नियम आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों आहों, आणि तो पाळण्याची आवश्यकता या मुलास खेळानें पटविली.

ही रीत कांहीं नवी नव्हे. कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूंचा कस पाहण्याच्या कामावर असलेले जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तो अशाच मार्गानें. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील पुष्कळ लहान लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनीं होतो, हें त्यांच्या नजरेस आलें. लोक दगड अर्पण करून आपलें नांव कोरवीत असतील, तर शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा त्यांनीं तर्क केला. आणि द व न हीं अक्षरें हातीं येतांच बाकीचीं एकामागून एक बोलूं लागलीं. कार्ल्याच्या लेण्यांतील दात्यांचे लेख आज वाचतां येतात ते त्या उलगड्यामुळेंच. टांकसाळीच्या नोकरीचा तो भाग नव्हता, आणि त्याबद्दल प्रिन्सेप यांस कोणीं अक्षरचोर म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तथापि आमच्या स्नेह्यांची भीति अगदींच निराधार होती, असें म्हणणें पक्षपाताचें होईल. १९९९ सालीं सुरू झालेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळांत सर्व्हर आसपासच्या प्राण्यांचीं ठिकाणें खेळाडूच्या संगणकाकडे पाठवी, मग तीं पडद्यावर दिसोत वा न दिसोत. 'शोईक्यू' नांवाच्या प्रोग्रॅमनें तीं पॅकेटें वाचून सगळा नकाशाच मांडून दिला. ज्यांच्यापाशीं तो होता त्यांना भिंतीपलीकडचें दिसूं लागलें. बाकीचे बिचारे आंधळी कोशिंबीर खेळत राहिले. पत्त्यांच्या डावांत सोबत्याचीं पानें चोरून पाहण्यासारखेंच हें झालें, व त्याची तरफदारी आम्ही करणार नाहीं. सामाईक वाय-फायवर दुसऱ्याचीं पॅकेटें पकडणें हें तर याहून वाईट; आणि परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें दंडनीय प्रकार आहे.

स्वतःच्या खेळाचा उलगडा करण्याविषयीं कायदा सर्वत्र सारखा नाहीं. अमेरिकेंत 'स्टारक्राफ्ट'सारखे खेळ कंपनीच्या सर्व्हरवांचून खेळतां यावेत म्हणून स्वयंसेवकांनीं 'बीनेटडी' नांवाचा सर्व्हर रचला होता. ब्लिझर्ड कंपनीनें २००२ सालीं फिर्याद केली, व २००५ सालीं अपील न्यायालयाचा निकाल स्वयंसेवकांविरुद्ध गेला. खेळाबरोबरच्या करारांत अशा उलगड्यास मनाई होती. शिवाय त्यांचा सर्व्हर चोरीच्या प्रती ओळखीत नसे, हेंही अंगलट आलें. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ५२ मात्र, रीतसर प्रत बाळगणारानें प्रोग्रॅम चालवीत असतां त्याच्यामागील तत्त्वें जाणण्यासाठीं त्याचें निरीक्षण करणें, हा कॉपीराइटचा भंग मानीत नाहीं. तरी करार वाचल्यावांचून कोणीं हात घालूं नये.

'पण याचा उपयोग काय?' असें विचारणारे उरतातच. त्यांस 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' या खेळाची हकीकत सांगावीशी वाटते. २००३ पासून त्यांत हजारों लोकांनीं घरें बांधलीं, दुकानें थाटलीं, मैत्री जोडली. १५ डिसेंबर २०११ रोजीं कंपनीनें सर्व्हर थांबविला, आणि तें सगळें नाहींसें झालें. खेळाच्या तबकड्या लोकांच्या कपाटांत राहिल्या, पण त्यांनीं बोलावें कोणाशीं? सुदैवानें कांहीं हौशी मंडळी त्याच्या पुष्कळ वर्षें आधींपासूनच त्या सर्व्हरचें बोलणें टिपून तसाच सर्व्हर नव्यानें रचीत होती, म्हणून तो खेळ मागून पुनः खेळतां आला. सर्व्हर एकदां मुका झाला कीं ऐकावयास कांहींच उरत नाहीं, आणि असे मुके झालेले खेळ आतां थोडेथोडके नाहींत.

त्या सद्गृहस्थांस आम्हीं २५,५६५ चा हिशेब कागदावर मांडून दाखविला. त्यांनीं तो स्वतः दोनदां करून पाहिला आणि कपाटाची किल्ली चिरंजिवांच्या हातीं दिली; परीक्षा होईपर्यंत आठवड्यांतून दोनच दिवस, अशी अट घालून. वही अद्याप आमच्याच टेबलावर आहे. आपल्या शाळेंत अशा आणखी वह्या असतील, तर त्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस अवश्य दाखवाव्या. खेळाची प्रत स्वतःची व सर्व्हरही स्वतःचा असेल, तर पुढील अंकांत दोन पानें आम्ही त्यांच्यासाठीं राखून ठेवूं.