‘घोणस’ नाव, पण साप नव्हे

सप्टेंबर २०२२मध्ये मराठवाड्यात ‘घोणस अळी’ची धास्ती पसरली. ती चावली की माणूस दगावतो, असे संदेश मोबाइलवर फिरले. मुळात ही अळी चावतच नाही. लिमाकोडिडी कुळातल्या पतंगाची ही अळी. तिचे पोकळ काटे स्पर्श होताच त्वचेत मोडतात, विष उतरते आणि जीवघेणी वाटावी अशी आग होते. घोणस सापाशी नाते नावापुरतेच!

जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून काटे उपटावेत, साबणाने धुऊन बर्फ लावावा. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर छत्रपती संभाजीनगरकरांनी घाटी गाठावी, मांत्रिक नव्हे. काटेरी दिसणारी प्रत्येक अळी विषारी नसते; म्हणून संदेश पुढे ढकलण्याऐवजी दुरून फोटो काढून सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवावा.