‘पाहा आणि टाळा’, पण पाहायचे कोणी?

वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर २९ जानेवारी २०२५ च्या रात्री उतरू पाहणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे मेली. मग दफ्तरे उघडली गेली. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या अवधीत त्याच विमानतळाभोवती प्रवासी विमाने व हेलिकॉप्टरे धोकादायक जवळून गेल्याच्या १५,२१४ घटना त्यांत निघाल्या. त्यांतील ८५ प्रसंगी उभे अंतर २०० फुटांहूनही कमी होते. म्हणजे माहिती सरकारदरबारी पडून होती; ती वाचण्यास मुडदे पडावे लागले.

या साऱ्यामागे एक तत्त्व आहे : ‘पाहा आणि टाळा’. लहान विमान वा हेलिकॉप्टर मोठ्या विमानाच्या वाटेत आले, की नियंत्रक विचारतो, ‘दिसले का?’ वैमानिकाने ‘दिसले’ म्हणून अंतर राखण्याचे पत्करले, की ते ओझे त्याच्या माथी. बाजारातला ‘ज्याने त्याने आपले पाहावे’ हा न्याय आकाशात नेऊन बसवला आहे, दुसरे काय? वस्तुतः मानवी डोळा या कामास अपुरा आहे. टकरीच्या मार्गावरील दुसरे विमान काचेत सरकतच नाही. ठिपक्यासारखे एका जागी राहते आणि अखेरच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. खाली शहर पसरलेले असेल, तर तो ठिपका छपरांच्या गर्दीत हरवतो.

सान दिएगो येथे २५ सप्टेंबर १९७८ रोजी हेच घडले. बोइंगच्या वैमानिकांनी पुढचे छोटे सेस्ना विमान दिसल्याचे कळवले. पुढे ते नजरेआड झाले. रडारची धोक्याची सूचना टकरीच्या १९ सेकंद आधी मिळाली होती. पण वैमानिक पाहत आहेत या समजुतीने नियंत्रक स्वस्थ राहिला. १४४ बळी गेले, त्यांत जमिनीवरचे सात. मुख्य ठपका मृत वैमानिकांवर आला. मेलेला माणूस कैफियत मांडत नाही, ही व्यवस्थेची मोठीच सोय.

ऑगस्ट १९८१ मध्ये तेथील नियंत्रकांनी वेतनवाढ व कामाचे कमी तास यांसाठी संप केला, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. (याच संघटनेने १९८० च्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता, हे आपल्याकडील काही कामगारपुढाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.) त्या बडतर्फीशी पुढच्या प्रत्येक अपघाताचे गणित जुळवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच रेगन यांचे नाव मिरवणाऱ्या विमानतळावर २०२५ च्या त्या रात्री विमाने आणि हेलिकॉप्टरे ही दोन कामे एकच नियंत्रक सांभाळत होता, हे विसरून कसे चालेल?

लॉस एंजेलिसजवळ सेरितोस येथे ३१ ऑगस्ट १९८६ रोजी प्रवासी विमान आणि छोटे पायपर विमान यांच्या टकरीत ८२ जण मेले. पायपर विनापरवाना निषिद्ध हद्दीत शिरले होते हे खरे. परंतु त्याची उंची रडारवर दिसतच नव्हती. उंची कळवणारे उपकरण बाजारात होते. छोट्या विमानांच्या मालकांना मात्र त्याचा खर्च जाचक वाटे. सक्तीची व्याप्ती वाढली ती या बळींनंतर.

आणि आपण तरी अमेरिकेला हसावे असे काय केले? १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन मोठी विमाने आदळून ३४९ माणसे मेली. नेमून दिलेली उंची कझाक विमानाने सोडली, असा निष्कर्ष निघाला, तो बरोबरच होता. पण सेरितोसला दहा वर्षे उलटल्यावरही देशाच्या राजधानीचे रडार विमानाची उंची दाखवीत नव्हते. वैमानिक तोंडाने सांगेल तीच उंची नियंत्रकाने खरी मानायची होती. टक्कर टाळणारे उपकरण विमानांत असलेच पाहिजे, हा हुकूम निघाला तो या ३४९ चितांनंतर.