शाळकरी मुलांची क्षयरोग तपासणी : जबाबदारी नेमकी कोणाची?

शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याला क्षयरोग झाल्याचे निष्पन्न झाले, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलांची तपासणी कोणी करायची, या साध्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात एका कार्यालयात मिळत नाही. रुग्णाची नोंद महापालिकेच्या क्षयरोग विभागाकडे होते, शालेय आरोग्य तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या चौकटीत चालते आणि शाळांवर नियंत्रण शिक्षण खात्याचे असते. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले, तरी शाळेचा वर्ग ही जागा तिघांच्याही कक्षेबाहेर राहू शकते.

कायद्यात जबाबदारी नाही असे मात्र म्हणता येणार नाही. घातक रोगांचा प्रसार रोखणे आणि प्राथमिक शाळा चालविणे, ही दोन्ही कामे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे मे २०१२ पासून सक्तीचे आहे. मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने तर नोंद न करणाऱ्या खासगी डॉक्टरांवर फौजदारी कारवाईची तरतूद केली. याच अधिसूचनेत सरकारी यंत्रणेची कामेही सांगितलेली आहेत : रुग्णाच्या घरी भेट देणे, कुटुंबाचे समुपदेशन करणे, संपर्कातील व्यक्ती शोधणे, त्यांच्या लक्षणांची चौकशी करणे आणि पात्र व्यक्तींना प्रतिबंधक औषध देणे. या साऱ्या मांडणीचा केंद्रबिंदू रुग्णाचे घर हा आहे. दिवसातील पाच-सहा तास मूल ज्या बंद खोलीत पन्नास-साठ जणांसह बसते, त्या खोलीकडे यंत्रणेचे पाऊल आपोआप वळत नाही.

शालेय तपासणीची बाजूही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची शाळाप्रवेशाच्या वेळी व नंतर दर चार वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी शिफारस रेणुका राय समितीने १९६१ मध्ये केली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. शाळेत वर्षातून एकदा पथकाने यावे, असे त्यात अपेक्षित आहे. पुढे बालक्षयरोगाचाही या कार्यक्रमात समावेश झाला. मात्र मार्गदर्शक सूचनांनुसार शालेय वयोगटात त्याची व्याप्ती सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. पुण्यासारख्या शहरात विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांची संख्या लक्षात घेतली, तर ही मर्यादा किरकोळ ठरत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या 'जागरूक पालक, सुदृढ बालक' अभियानात १८ वर्षांपर्यंतच्या सर्वच मुलामुलींचा विचार झाला होता. तथापि अभियान आणि कायमची व्यवस्था यांत फरक असतो.

सरसकट चाचणी हा उपाय नव्हे

मग प्रत्येक शाळकरी मुलाची चाचणी सरकारने करावी काय? असे एकेकाळी घडलेलेही आहे. बीसीजी लसीकरणाची देशव्यापी मोहीम १९५१ मध्ये सुरू झाली, तेव्हा लशीपूर्वी मुलांच्या हातावर त्वचाचाचणी केली जाई आणि ती नकारात्मक आलेल्यांनाच लस दिली जाई. गावोगावच्या शाळांतून कोट्यवधी मुले या पद्धतीने तपासली गेली. साठच्या दशकात चाचणीविना थेट लस देण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि तो अध्याय संपला. जपाननेही पहिली आणि सातवीच्या विद्यार्थ्यांची सरसकट त्वचाचाचणी २००३ मध्ये बंद करून प्रश्नावली व निवडक तपासणीचा मार्ग धरला.

भारतात ही अडचण अधिक आहे. मॉन्टू चाचणी शरीरात जंतूंचा शिरकाव झाला आहे का, एवढेच सुचविते; आजार आहे की नाही हे सांगत नाही. शिवाय बीसीजी घेतलेल्यांमध्ये तिचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांमध्ये क्षयजंतूंचा संसर्ग आढळला. त्यांतील बहुसंख्य लोक कधीच आजारी पडत नाहीत. (हे सर्वेक्षण १५ वर्षांखालील मुलांपर्यंत गेलेच नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.) बीसीजीमुळे गोंधळ न होणारी 'सी-टीबी' ही त्वचाचाचणी पुण्यातील सिरम इन्स्टिट्यूटने आणली, तिला मे २०२२ मध्ये देशात मिळालेली मंजुरी १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी होती. म्हणजे चाचणी पुण्याची, परंतु पुण्यातील शाळकरी मुले त्या मंजुरीत नव्हती.

प्रत्यक्ष आजार ओळखणे आणखी कठीण. लहान मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे कित्येकदा नाकातून नळी घालून पोटातील द्रव काढावा लागतो, क्ष-किरण तपासणी करावी लागते आणि तरीही जंतू सापडतीलच असे नाही. जगातील क्षयरुग्णांत १५ वर्षांखालील मुले ११ ते १२ टक्के असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतातील नोंदींत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. आपली मुले अधिक निरोगी आहेत, असा याचा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. ती सापडत नाहीत, हाच अर्थ अधिक संभवतो.

आणखी एक बाब पालकांच्या चर्चेत सहसा येत नाही. पहिली-दुसरीतील क्षयग्रस्त मूल सहसा इतरांना संसर्ग देत नाही. त्याला तो बहुधा एखाद्या प्रौढाकडून मिळालेला असतो. संसर्ग पसरविण्याची शक्यता असते ती आठवी ते बारावीतील मुलांकडून, तसेच शिक्षक, शिपाई, व्हॅनचालक, शिकवणीचे सर यांच्याकडून. मुलांना रांगेत उभे करून हातावर सुई टोचण्यापेक्षा, रुग्ण सापडताच त्याच्या भोवतीच्या माणसांपर्यंत आठवड्याभरात पोहोचणे अधिक फलदायी आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप, घटलेले वजन, मानेतील गाठ, घरात क्षयरुग्ण असणे, एवढी विचारपूस शिक्षकही करू शकतात. त्यापुढची क्ष-किरण व जनुकीय चाचणी मात्र सरकारनेच मोफत आणि वेळेत करून दिली पाहिजे, अन्यथा संशयित मुलांची यादी तेवढी तयार होईल.

हद्दीचा प्रश्न

पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण असे क्षयरोग कार्यक्रमाचे स्वतंत्र जिल्हे आहेत. बोपोडीत राहणारा मुलगा मुळा नदीचा पूल ओलांडून दापोडीच्या शाळेत जात असेल, तर त्याचे घर एका जिल्ह्यात आणि वर्ग दुसऱ्या जिल्ह्यात येतो. त्यात पुणे आणि खडकी ही दोन कटक मंडळे आहेत, ज्यांची स्वतःची रुग्णालये व शाळा आहेत. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची आणि तरीही मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यायचे, हे नाजूक काम कोणत्या अधिकाऱ्याने करावे, हे लेखी ठरलेले असणे म्हणूनच आवश्यक आहे. नाव फुटले, तर मुलाला, विशेषतः मुलीला, शाळेतून काढून घेण्याकडे घरच्यांचा कल होतो आणि पुढची कुटुंबे आजार दडवू लागतात.

२०१५ च्या तुलनेत २०२५ पर्यंत क्षयरोगाचे नवे रुग्ण ८० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ पर्यंतची घट सुमारे २१ टक्के आहे. शाळांच्या बाबतीत नवा कायदा करण्याची किंवा मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. दोन्ही महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि शिक्षण उपसंचालक यांनी एक संयुक्त परिपत्रक काढून, खासगी शाळांसह प्रत्येक शाळेसाठी एक जबाबदार आरोग्य अधिकारी नेमला आणि रुग्ण आढळल्यापासून किती दिवसांत वर्गाची तपासणी व्हावी याची मुदत घातली, तर जूनमध्ये शाळा उघडताना मुख्याध्यापकांच्या हाती निदान एक दूरध्वनी क्रमांक असेल.