तळघरातील पंपाला दुसरा आधार हवा

पावसाळ्याच्या तोंडावर गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत गच्चीच्या गळतीवर तासन् तास चर्चा होते. तळघरातील पंपाचा विषय मात्र सहसा 'चालू आहे ना?' एवढ्यावरच आटोपतो. बंगळूरमध्ये मे २०२५ मध्ये जे घडले, ते पाहता हा प्रश्न अपुरा आहे. बीटीएम लेआउटमधील एका इमारतीच्या तळघरात साचलेले पाणी उपसण्यासाठी ६३ वर्षांच्या रहिवाशाने पंप आणून जोडला. पाण्यात वीज उतरली. ते आणि जवळच असलेला १२ वर्षांचा मुलगा, दोघेही दगावले.

पाणी शिरल्यावर पंपासाठी धावाधाव करावी लागणे, हेच मुळात धोक्याचे आहे. तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यातील खड्ड्यात (कंत्राटदारांच्या भाषेत 'संप', ऐन पावसात तो खरोखरच संपावर जातो, ही गोष्ट वेगळी) तरंगत्या स्विचचा पंप कायम बसविलेला असेल, तर पाणी चढताच तो आपोआप सुरू होतो. मात्र ज्या विजेवर तो चालतो, तीच अतिवृष्टीत आधी जाते. कित्येकदा महावितरणलाच सुरक्षिततेसाठी ती बंद करावी लागते. त्यामुळे दुसरा पंप बसविताना त्याला बॅटरीची किंवा अन्य स्वतंत्र वीजही द्यावी लागते. एकाच वाहिनीवरील दोन पंप एकाच वेळी बंद पडतात.

'आमच्याकडे जनरेटर आहे', असे उत्तर यावर हमखास मिळते. तो कोठे ठेवला आहे? २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाचे जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना इंधन पुरविणारे पंप तळघरात बुडाले आणि भर रात्री रुग्णांना जिन्यांवरून खाली उतरवावे लागले. आपल्याकडे तर अनेक ठिकाणी मीटरची खोलीच तळघरात असते.

पंपाच्या क्षमतेलाही मर्यादा आहे. शंभर चौरस मीटरच्या उतारावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी आत येते. चांगला पंप ते सहज उपसतो. रस्त्यावरचे पाणी एकदा उतारावरून लोटू लागले, की हा हिशेब संपतो. तेव्हा आधी प्रवेशद्वाराशी पुरेसा उंचवटा आणि आडवी जाळीची गटार करावी, मग पंपाचे दरपत्रक मागवावे. पंपाच्या वाहिनीवर गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. मेअखेरीस मुख्य वीज बंद करून खड्ड्यात पाणी सोडून पाहिल्यास दुसरा पंप खरोखर चालतो की नाही, ते दहा मिनिटांत कळते.