आकाश कोठे संपते?

वातावरण कोठे संपते व अंतराळ कोठून सुरू होते, हा प्रश्न वरकरणी शास्त्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा आणि संपत्तीचा आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपापल्या आकाशावरील सार्वभौमत्व मान्य केले. १९६७ च्या अंतराळ कराराने अंतराळावर कोणत्याही राष्ट्राची मालकी नाकारली. या दोहोंमधील सीमारेषा मात्र कोणत्याच करारात आखलेली नाही.

निसर्ग याचा निवाडा करीत नाही. बाह्यांबर या सर्वांत बाहेरच्या थरातील हायड्रोजनचे विरळ अणू सुमारे ६,३०,००० किलोमीटरपर्यंत, म्हणजे चंद्राच्याही पलीकडे पसरल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. व्यवहारात १०० किलोमीटरवरील कारमान रेषा प्रमाण मानतात. अमेरिकेत सुमारे ८० किलोमीटरही पुरतात.

१९७६ मध्ये कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया आदी आठ विषुववृत्तीय राष्ट्रांनी बोगोटा येथे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेवर हक्क सांगितला. अंतराळाची व्याख्याच नाही, तेव्हा ही कक्षा अंतराळात मोडत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो टिकला नाही. पण त्यामागील भीती खोटी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या समितीत या सीमेची चर्चा अनेक दशके चालू आहे आणि अशी रेषा अनावश्यक आहे, अशी अमेरिकेची भूमिका राहिली आहे.

यात नवल नाही. कुंपण नसलेल्या गायरानात ज्याची गुरे अधिक, त्याचाच लाभ अधिक. सीमा अनिश्चित ठेवणे समर्थांना परवडते, दुर्बळांना नव्हे.